टोचणी माशाला, शिस्त गावाला



मागच्या जिल्हा बैठकीत कापसाची आणि ज्वारीची चर्चा आटोपून मंडळी चहाला उठली, तेव्हा एका भावाने आम्हाला बाजूला घेतले. त्याच्या शेततळ्यातले मासे मरून वर येत होते. तालुक्याच्या एका दुकानातून त्याने एक बाटली आणून पाण्यात ओतली होती. दुकानदाराने ती 'माशांची लस' म्हणून दिली होती. आम्ही रिकामी बाटली मागवून पाहिली. तिच्यावर लस हा शब्द कुठेच नव्हता. मासे गेले ते गेलेच, बाटलीचे पैसे वर गेले. त्याचा प्रश्न साधा होता : "लम्पीला लस मिळाली, कोंबडीच्या मानमोडीला लस आहे, मग माशाला का नाही?"

आम्ही शेतकी कॉलेजात पिकांचे रोग शिकलो, माशांचे नाही. म्हणून त्या दिवशी उत्तर दिले नाही. नंतर वाचले, मत्स्यशास्त्र जाणणाऱ्यांना विचारले. त्यातून जे कळले ते या अंकात मांडतो आहोत.

कोणी म्हणेल, कोरडवाहू शेतकऱ्याला माशाशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि आपल्या माळांवर तळी झाली. पाणी आहे म्हटल्यावर कोणी त्यात रोहू-कटला सोडले, कोणी पंगस, कोणी तिलापिया. कापूस बुडाला तर चार पैसे मासे देतील, हा हिशेब चुकीचा नाही. पण पराटीचा रोग डोळ्यांना दिसतो, पाण्याखालचा दिसत नाही. दिसतो तेव्हा मासा उलटा होऊन तरंगत असतो. म्हणून हा विषय समजून घेणे भाग आहे.

माशाला सुई टोचतात

पहिले उत्तर असे की माशाला लस आहे आणि ती जगात कोट्यवधी माशांना दरवर्षी टोचली जाते. याची सर्वांत मोठी शाळा नॉर्वे. त्या थंड देशात १९७० च्या सुमारास समुद्राच्या खाड्यांत जाळीचे पिंजरे टाकून सॅमन मासा पाळायला सुरुवात झाली. पैसा दिसला, पिंजरे वाढले, आणि पाठोपाठ रोग आले. १९८५ साली स्कॉटलंडहून आणलेल्या पिलांबरोबर फुरुन्क्युलोसिस नावाचा जिवाणूजन्य रोग आला. बीज बाहेरून आले आणि बिजाबरोबर रोगही आला. ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

तेव्हा नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी तेच केले जे आपण बोंडअळीला केले. आपण फवारणीवर फवारणी मारली, त्यांनी खाद्यात प्रतिजैविक मिसळले. १९८७ साली त्या देशात माशांना सुमारे ४८ टन प्रतिजैविके घातली गेली, आणि मासा निघाला जेमतेम ५० हजार टनांच्या आसपास. एक टन माशामागे जवळपास एक किलो औषध! १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेलात घोळलेली, पोटात टोचायची लस आली. दशकाच्या मध्यापर्यंत औषधाचा वापर एका टनाच्या आसपास उतरला. आज नॉर्वे वर्षाला बारा-पंधरा लाख टन सॅमन काढतो आणि प्रतिजैविक लागते काही शे किलो. मासा वीस-पंचवीस पट वाढला, औषध नाहीसे झाल्यात जमा. शेतीच्या इतिहासात असे उदाहरण विरळा.

टोचणी होते ती अशी. पिलू गोड्या पाण्यातून समुद्रात सोडण्यापूर्वी त्याला भुलीच्या पाण्यात गुंगी देतात. मग पोटाच्या पोकळीत लसीचा थेंबभर डोस टोचतात. आता हे काम यंत्रे तासाला हजारोंच्या हिशेबाने करतात. लस टोचली की लगेच लागू होत नाही. माशाचे रक्त आपल्यासारखे गरम नसते, पाण्याची उष्णता तीच त्याची उष्णता. म्हणून तिथे दिवसांचा आणि अंशांचा गुणाकार करतात. साधारण ५०० 'अंश-दिवस' लागतात. म्हणजे १० अंशाच्या पाण्यात ५० दिवस. तेवढा काळ मासा रोगापासून लांब ठेवावा लागतो. रोग घुसल्यावर टोचणे म्हणजे वरातीमागून घोडे.

लसीची किंमतही मासाच भरतो. तेलाच्या लसीने पोटातली आतडी एकमेकांना चिकटतात, काही माशांची वाढ मंदावते, काहींच्या कण्यात दोष येतो. म्हणजे लस हा चमत्कार नाही, सौदा आहे. आपल्याला परवडणारा सौदा कोणता, हे दुकानदाराने नव्हे, शेतकऱ्याने ठरवायचे असते.

विषाणूपुढे औषध चालत नाही

वरची कथा जिवाणूंची होती. जिवाणूला प्रतिजैविक लागू पडते, विषाणूला पडत नाही. विषाणू माशाच्या पेशीत शिरून त्या पेशीलाच आपला कारखाना करतो. म्हणून विषाणूपुढे लस हेच मोठे हत्यार. पण ते घडवणे अवघड. जिवाणू शास्त्रज्ञाच्या भांड्यात नुसत्या खुराकावर वाढतो. विषाणू वाढवायला जिवंत पेशी लागतात, त्यामुळे त्याची लस महाग पडते आणि तिचा परिणामही अनेकदा अर्धामुर्धाच राहतो.

सॅमनचा एक विषाणू आहे, आपल्या फ्लूच्या विषाणूच्या कुळातला. त्याने मासा रक्तहीन होतो, कल्ले पांढरे पडतात, यकृत काळवंडते. या रोगाला शास्त्रज्ञ 'आयसा' म्हणतात. तो नॉर्वेत १९८४ साली पहिल्यांदा दिसला.

आता चिलीकडे चला. दक्षिण अमेरिकेच्या त्या लांबोळक्या देशात सॅमन मुळात नव्हताच, बाहेरून नेला. उद्योग इतका फोफावला की चिली नॉर्वेच्या खालोखाल आला. पिंजऱ्याला पिंजरा खेटून. एकाच खाडीत लहान-मोठी, वेगवेगळ्या वयाची मासळी. त्याच नावा या पिंजऱ्यावरून त्या पिंजऱ्यावर. जुनी मासळी काढली की दुसऱ्या दिवशी नवी पिले आत. जागा रिकामी ठेवणे म्हणजे पैसा बुडवणे, असा हिशेब. २००७ च्या जुलैत चिलोए बेटांच्या भागात आयसा निघाला. विषाणूचे वाण नॉर्वेतल्या वाणाशी जुळले. आयात केलेल्या अंड्यांतून तो आला असावा, असे काही शास्त्रज्ञांनी मांडले आणि त्यावर मोठा वाद झाला. कसाही आला असो, आल्यावर त्याला अडवणारे काहीच नव्हते. चार लाख टनांच्या घरातले अटलांटिक सॅमनचे उत्पादन २०१० साली सव्वा लाख टनांच्या आसपास आले. हजारो कामगार घरी बसले. कंपन्यांवर कर्जाचा डोंगर झाला. मग चिलीने नियम केले : खाड्यांचे गट पाडायचे, गटातल्या सर्वांनी एकाच वेळी मासळी सोडायची, एकाच वेळी काढायची, आणि नंतर तीन महिने सगळी खाडी रिकामी ठेवायची. आयसाची लसही तेव्हाच आली. पण आधी शिस्त नव्हती, म्हणून किंमत मोजून शिस्त आली.

आणि लस असूनही काय होते ते याच चिलीत पाहा. तिथे सॅमनला आणखी एक रोग आहे, पिसिरिकेट्सिया नावाच्या जिवाणूचा. हा जिवाणू पेशीच्या आत लपून राहतो. त्याच्यावर कितीतरी लसी बाजारात आल्या, एकही पुरी टिकली नाही. परिणाम असा की २०१४-१५ च्या सुमारास चिलीत वर्षाला साडेपाचशे टनांवर प्रतिजैविके माशांना घातली गेली. नॉर्वेत काही शे किलो, चिलीत साडेपाचशे टन. मासा तोच, सुई तीच. तेव्हा बाटलीवर 'लस' लिहिले म्हणजे काम झाले, असे कोणी समजू नये.

लसीशिवाय शिस्त, आणि शिस्तीसह लस

नॉर्वेतही १९९० च्या सुमारास आयसाने कहर केला होता. तेव्हा त्यांच्या हाती त्याची लस नव्हती. त्यांनी मग साधी कामे केली. पिलांच्या केंद्रात समुद्राचे कच्चे पाणी घेणे बंद केले. एका ठिकाणी एकाच वर्षाची मासळी ठेवली. कत्तलखान्याचे रक्त-पाणी निर्जंतुक केल्याशिवाय समुद्रात सोडायला मनाई केली. नावांवर आणि वाहतुकीवर नियम घातले. जागा रिकामी ठेवायला लावली. १९९० साली डझनावारी ठिकाणी पेटलेला रोग १९९४ पर्यंत बोटावर मोजण्याइतक्या ठिकाणी उरला. एकाही माशाला त्या रोगाची सुई टोचली नव्हती.

आता दुसरे टोक पाहा. स्कॉटलंडच्या उत्तरेला फारो नावाची बेटे आहेत. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे एक मध्यम शहर. कमाईचे साधन मासा. २००० ते २००५ या काळात आयसाने त्यांना धुऊन काढले. त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. २००५ पासून समुद्रात जाणाऱ्या पिलांना आयसाची लस टोचली. आणि एका खाडीत एकाच पिढीची मासळी, काढणीनंतर खाडी रिकामी, सततची तपासणी, हे कायद्याने बांधून घेतले. दहा वर्षांत त्यांचे उत्पादन रोगापूर्वीच्या पातळीच्याही वर गेले. विषाणूचा निरुपद्रवी प्रकार त्यांच्या माशांत तपासणीला आजही सापडतो. म्हणजे विषाणू संपला नाही, त्याला डोके वर काढायला जागा उरली नाही.

कापूसवाल्या भावांना हे सांगायला नको. बीटीचे बियाणे आले तेव्हा आपणही समजलो की आता बोंडअळी कायमची गेली. तंत्रज्ञान चांगलेच होते, आम्ही त्याच्या बाजूने उभे होतो, आजही आहोत. पण आपण फरदड घेत राहिलो, पऱ्हाट्या उन्हाळ्यापर्यंत शेतात उभ्या ठेवल्या, आणि गुलाबी बोंडअळीला बारमाही खानावळ उघडून दिली. २०१७ साली तिने हिशेब चुकता केला. बियाणे म्हणजे पिकाची लस आणि फरदड मोडणे म्हणजे खाडी रिकामी ठेवणे. एक हात नसेल तर टाळी वाजत नाही. आणि शिस्त एकट्याने पाळून भागत नाही. आपण फरदड मोडली आणि बांधाला बांध लागलेल्याने ठेवली, तर अळी बांध विचारत नाही. पाणी तर त्याहून नाही.

बियाणे सुईच्या पुढे गेले

याच नॉर्वेतली आणखी एक हकीकत पीक पैदाशीत रस असलेल्यांनी लक्षात ठेवावी. सॅमनच्या पिलांना स्वादुपिंडाचा एक विषाणूजन्य रोग होतो, आयपीएन. त्याची लस १९९० च्या दशकापासून होती, बहुतेक सगळे टोचतही होते. तरी दरवर्षी रोगाच्या घटना घडतच होत्या. मग शास्त्रज्ञांना आढळले की काही घराण्यांचे मासे या रोगाला दाद देत नाहीत, आणि ही ताकद बहुतांशी एकाच ठिकाणच्या गुणसूत्राच्या तुकड्याशी बांधलेली आहे. तो तुकडा ओळखून आईबाप निवडले आणि २००९ पासून तशी अंडी विक्रीला आली. २००९ साली दोनशेच्या वर असलेल्या रोगाच्या घटना २०१५ साली तीसच्या आसपास आल्या. यात बाहेरचे जनुक घातलेले नाही. आपल्या आज्या शेतातले चांगले कणीस बाजूला काढून बियाण्याला ठेवायच्या, त्याचेच हे प्रयोगशाळेतले रूप.

दुसऱ्या बाजूला नव्या पद्धतीची लसही आली आहे. यात अख्खा विषाणू टोचत नाहीत, त्याच्या एका प्रथिनाचा नुसता आराखडा स्नायूत टोचतात आणि माशाचे शरीर त्यावरून ओळख करून घेते. तिला डीएनए लस म्हणतात. कॅनडाने २००५ साली सॅमनच्या आयएचएन या विषाणूविरुद्ध तशी लस मंजूर केली, युरोपने २०१७ साली दुसऱ्या एका विषाणूविरुद्ध. तिथेही वाद झाला की असा मासा जनुक बदललेला समजायचा का. कागदपत्रे तपासली, प्रश्न विचारले, उत्तरे घेतली आणि मग परवानगी दिली. आमचे म्हणणे एवढेच की नव्या तंत्राचे नाव काढताच भुलणारे आणि नाव काढताच भिणारे, दोघेही शेतकऱ्याला महाग पडतात. तपासून पाहणारा परवडतो.

रोग कळवला तर कोण भरणार?

आता मुद्द्याच्या मुळाशी येऊ. १९९८ साली स्कॉटलंडमध्ये आयसा निघाला. युरोपचा नियम होता की असा रोग निघाला की तिथली मासळी मारून टाकायची. लस टोचायलाही मनाई, कारण टोचलेल्या माशाच्या रक्तात विषाणूविरुद्धचे घटक सापडतात आणि खरा रोगी कोण हे तपासणीत कळेनासे होते, शिवाय टोचलेला मासा वरून धडधाकट दिसून आत विषाणू बाळगू शकतो. रोग आटोक्यात आला. पण मारलेल्या मासळीची भरपाई मिळाली नाही. मासेपालक कंपन्या न्यायालयात गेल्या. प्रकरण युरोपच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत पोचले आणि २००३ साली निकाल लागला की अशी भरपाई देण्याचे बंधन सरकारवर नाही.

कायद्याने तो निकाल बरोबर असेल. पण शेतकऱ्याच्या अंगणातून पाहा. तळ्यात चार मासे मेले. कळवले तर तळे बंद, मासळी खड्ड्यात, हाती शून्य. न कळवता रातोरात मासळी काढून बाजारात नेली तर निदान बियाण्याचे पैसे निघतात. अशा वेळी माणूस काय करेल? जे कर्जात बुडालेला कोणीही करील तेच. आणि त्या टोपलीतल्या बर्फाच्या पाण्यातून रोग पुढच्या गावी जाईल. रोग लपवणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. लपवणे हाच ज्या व्यवस्थेत फायद्याचा सौदा असतो, तिला दोष द्यायला कोणी तयार नसते. हाल्याला दुखणे आणि पखालीला इंजेक्शन, तशातला प्रकार.

रोग कळवण्याची सोय आपल्या देशात झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. जलचरांच्या रोगांवर नजर ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. २०२३ साली मोबाईलवरून माशाचा रोग कळवायचे अ‍ॅपही आले. पण कळवल्यानंतर कळवणाऱ्याच्या पदरात काय पडणार, हा प्रश्न अ‍ॅपमध्ये सुटत नाही.

चीनचे शेतकरी आणि आपली घाटेअळी

लस म्हणजे फक्त मोठ्या कंपनीचीच असते असे नाही. आपण शेततळ्यात सोडतो तो गवत्या, म्हणजे ग्रासकार्प, मूळ चीनचा. तिथे त्याला विषाणूचा रक्तस्रावी रोग होतो आणि बोटुकली ढिगाने मरते. तयार लस नव्हती त्या काळात तिथे रोगी माशाचे यकृत, प्लीहा, मूत्रपिंड वाटून, गाळून, फॉर्मॅलिनने त्यातला विषाणू मारून, त्याचीच टोचणी देण्याची पद्धत निघाली आणि ती तळ्यांच्या काठापर्यंत पोचली. पुढे त्यांच्या संशोधन संस्थांनी शास्त्रशुद्ध, मवाळ केलेल्या विषाणूची लस काढली आणि ती परवान्यासह बाजारात आली.

आपल्यातल्या जुन्या मंडळींना यावरून काही आठवले असेल. हरभऱ्यावर, तुरीवर विषाणूने मेलेल्या, उलट्या लोंबणाऱ्या घाटेअळ्या गोळा करून, वाटून, गाळून, एचएनपीव्हीचे द्रावण गावातच करून फवारण्याचे प्रयोग आपल्याकडे झाले आहेत. तिथे विषाणूने अळी मारायची, इथे मेलेल्या विषाणूने मासा वाचवायचा. काम उलटे, पण हात तेच. मात्र एक इशारा. घरची लस करणे हा आज आपला मार्ग नाही. फॉर्मॅलिनचे प्रमाण चुकले तर जिवंत विषाणू आपणच आपल्या तळ्यात टोचू. उदाहरण सांगितले ते यासाठी की या विद्येला शेतकऱ्याने परके समजू नये.

आपल्या तळ्यासाठी आज काय खरे?

त्या भावाला द्यायचे सरळ उत्तर असे. आपल्या रोहू, कटला, मृगळाच्या तळ्यात मरतूक झाली तर बहुतेक वेळा कारण विषाणू नसते. आभाळ भरलेल्या दिवसांत पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि एकदम मरतात, तर तो प्राणवायूचा तुटवडा. तिथे लस नव्हे, पाणी खेळवणे आणि खाद्य थांबवणे हा उपाय. अंगाला उवा चिकटलेल्या दिसल्या तर तो परजीवी. अंगावर जखमा, व्रण दिसले तर जिवाणू किंवा बुरशी. १९८८ साली ईशान्य भारतातून देशभर पसरलेला व्रणाचा रोग आधी विषाणूचा वाटला होता, मुळात तो बुरशीसारख्या जिवाचा निघाला. म्हणून तपासल्याशिवाय बाटली नको. पाण्यात ओतायची कसलीही बाटली 'लस' म्हणून कोणी विकली तर पावती मागा आणि लेबल वाचा.

पण विषाणू आपल्या दारात नाही, असेही नाही. इस्रायलच्या गॅलिली सरोवरातल्या तिलापियाच्या मरतुकीमागचा नवा विषाणू २०१४ साली ओळखला गेला. २०१८ साली तो भारतात, पश्चिम बंगाल आणि केरळमध्ये सापडल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले. तिलापियाचे बीज आणणाऱ्यांनी ते कुठून येते आणि तपासले आहे का, हे विचारल्याशिवाय पिशवी सोडू नये. कोकणातल्या जिताड्याच्या नोडा विषाणूवर चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने देशी लस विकसित केली आहे. म्हणजे विद्या आपल्याकडेही आहे.

कोळंबीचे मात्र वेगळे आहे. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्याच्या विषाणूने आपल्या पूर्व किनाऱ्यावरची कोळंबी आडवी केली. कोळंबीच्या शरीरात माशासारखी रोग लक्षात ठेवणारी यंत्रणा नसते. म्हणून तिला माशासारखी लस लागू पडत नाही. तिथे २००९ नंतर रोगमुक्त म्हणून तपासलेले आईबाप आणूनच उद्योग उभा राहिला. पुन्हा तेच, बीज शुद्ध तर अर्धी लढाई जिंकली.

आणि शेवटी एक गोष्ट जी आपल्याकडे फुकट आहे. नॉर्वे-चिलीला खाडी रिकामी ठेवायला कायदा करावा लागला. आपल्या कोरडवाहू मुलखात एप्रिल-मे महिन्यात तळे आपोआप आटते आणि विदर्भ-मराठवाड्याचे ऊन तळाचा चिखल तडकवते. ज्या दुष्काळाला आपण शिव्या देतो, तो या एका बाबतीत आपला पहारेकरी आहे. त्याचा फायदा घ्या. तळाशी डबके ठेवून त्यात जुने चार मासे जगवू नका. तळ पुरता वाळू द्या, चुना मारा. प्लास्टिक अस्तराचे तळे असेल तर गाळ काढून, घासून, उन्हात कोरडे करा. गावातली सगळी तळी एकाच पंधरवड्यात कोरडी झाली, तर जी व्यवस्था फारो बेटांना कायद्याने उभी करावी लागली ती आपल्या गावात नुसत्या ठरावाने उभी राहील.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

एक : ज्या गावात पाचाहून अधिक तळ्यांत मासे आहेत, तिथे एक वही ठेवावी. बीज कोणाकडून, कधी, किती आणले आणि मरतूक कधी झाली, याची नोंद तिच्यात व्हावी. वही गावाची, सरकारची नाही.

दोन : तळी कोरडी करण्याचा आणि बीज सोडण्याचा काळ गावाने मिळून ठरवावा. जाळे एका तळ्यातून दुसऱ्यात नेताना धुऊन, उन्हात वाळवून न्यावे. मेलेला मासा नाल्यात टाकू नये, चुना टाकून पुरावा.

तीन : आजारी मासा जिवंत असताना किंवा नुकता मेलेला बर्फात घालून तपासायला न्यावा, कुजलेला नेऊन उपयोग नाही. नागपूर आणि उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. पण तळे बुलढाण्यात किंवा बीडला आणि तपासणी इतक्या दूर, हे चालणार नाही. जिल्ह्यात नमुना घेऊन पुढे पाठवण्याची सोय आणि विकल्या जाणाऱ्या बिजासोबत तपासणीचा दाखला, या आपल्या मागण्या आहेत.

चार : रोग कळवल्यामुळे ज्याची मासळी नष्ट करावी लागेल, त्याला भरपाई मिळाली पाहिजे. ही भीक नाही. तो शेतकरी आपले तळे गमावून शंभर तळी वाचवतो, त्या कामाचा तो मोबदला आहे. भरपाई नसेल तर रोग कळवला जाणार नाही, आणि रोग कळला नाही तर जगातली कोणतीही लस कामी येणार नाही.

ज्या भावाने प्रश्न विचारला, त्याने या उन्हाळ्यात तळे कोरडे केले आहे. शेजारच्या तिघांशी बोलणेही झाले आहे, दोघे तयार आहेत, तिसरा अजून 'बघू' म्हणतो. या अंकाची एक प्रत त्या तिसऱ्याला नेऊन द्यायची आहे. आपापल्या गावातला तिसरा कोण, हे प्रत्येकाने ओळखावे आणि बैठकीहून परतताना त्याच्या ओट्यावर घटकाभर टेकूनच घरी जावे.